राणीछाप रुपया आणि आईचे नाव

आमच्या देवघरात एक राणीछाप रुपया आहे. आईने तिच्या सासूकडून घेतला, सासूने तिच्या सासूकडून. लक्ष्मीपूजनाला तो डबीतून बाहेर निघतो, पाटावर तांदळाच्या राशीवर बसतो, हळदकुंकू लावून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा डबीत जातो. आई गेल्यापासून पुसण्याचे काम माझ्याकडे आले. यंदा पुसताना जरा चष्मा लावून नीट पाहिला. एका अंगाला मुकुट घातलेली बाई, नक्षीदार वस्त्र, गळ्यात हार, आणि दोन्ही बाजूंनी इंग्रजीत व्हिक्टोरिया एम्प्रेस. दुसऱ्या अंगाला वन रुपी इंडिया, १८९०. मुकुटाच्या खाचेत वर्षानुवर्षांचे कुंकू बसलेले. ते काही निघत नाही आणि मी काढतही नाही.

आईला अक्षरओळख नव्हती. ही बाई कोण, ते तिने कधी विचारले नाही. लहानपणी मी रुपया उपडा ठेवला की ती ओरडायची, "लक्ष्मी हाय ती, पालथी ठिऊ नको!" सातासमुद्रापलीकडची राणी भोकरदन तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरात लक्ष्मी होऊन बसली आणि कुणाला त्यात वावगे वाटले नाही.

पण ती इथे आली कशी? आमचा जालना तेव्हा इंग्रजांचा नव्हता. आम्ही निजामाच्या मुलखातले, आणि जालना म्हणजे औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका. (स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला.) निजामाचा स्वतःचा रुपया होता. त्याला म्हणत हाली सिक्का. त्यावर कुणाचाच चेहरा नाही. पुढे पुढे चारमिनारचे चित्र आले आणि त्या चारमिनारच्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचे पहिले अक्षर. महबूब अली खानाचा मीम, उस्मान अली खानाचा ऐन. राजा स्वतः चित्रात नाही, दारात फक्त त्याचे अक्षर उभे.

इंग्रजी रुपयाला आपल्याकडे कलदार म्हणत. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, काठ एकसारखा असलेला तो कलदार. हालीपेक्षा कलदारचा भाव जास्त. पुढे १९५० मध्ये भारतीय रुपया आला तेव्हाचा हिशेब माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पाठ होता : सात हाली बरोबर सहा भारतीय. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तो पाळणा हलत होता व्यापारावर, त्यातही कापसावर. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून गेली, कापूस मुंबईकडे जाऊ लागला आणि त्याच्या बदल्यात कलदार इकडे येऊ लागला. आमच्या घरचा रुपयाही असाच एखाद्या कापसाच्या गाडीमागे आला असावा, असा माझा आपला अंदाज.

तर ही व्हिक्टोरिया. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा, एकाच छापाचा रुपया काढला. त्यावर चौथा विल्यम होता. १८४० पासून त्या जागी व्हिक्टोरिया आली. १८६२ पासून नाणी कंपनीच्या नावाने न निघता राणीच्या नावाने निघू लागली. १८७७ पासून 'क्वीन'ची 'एम्प्रेस' झाली. वजन एक तोळा, म्हणजे आजचे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. गंमत अशी की इंग्लंडच्या नाण्यांवर ही बाई वयाबरोबर म्हातारी होत गेली. १८८७ ला एक नवा चेहरा, १८९३ ला डोक्यावरून पदर घेतल्यासारखा आणखी एक. आपल्याकडच्या रुपयावर मात्र १८६२ ला जी मूर्ती बसली तीच जवळजवळ तशीच १९०१ पर्यंत. इकडे ती म्हातारी झालीच नाही. देवीचे असेच असते म्हणा!

बाईचा चेहरा असलेले एवढे नाणे हिंदुस्थानभर, खेड्यापाड्यांत, त्याआधी कधी फिरले नव्हते. 'पण मग पुतळ्या?' असे आमच्या वहिनी लगेच विचारतील, म्हणून तेही सांगून टाकतो. पुतळ्यांच्या माळेतली मूळची पुतळी म्हणजे व्हेनिसचे सोन्याचे नाणे. त्यावर माणसांच्या आकृत्या असत म्हणून आपल्याकडे नाव पडले पुतळी. पण त्या आकृत्या बायकांच्या नव्हत, तिथला एक संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख! आपल्या आज्या-पणज्या दोन परदेशी पुरुष गळ्यात घालून मिरवत होत्या आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. असो.

मी इतिहास शिकवला. सातवाहन तर आमचे घरचेच. पैठण त्यांची राजधानी आणि आमचे भोकरदन म्हणजे त्या काळचे भोगवर्धन. भरहुत आणि सांचीच्या स्तूपांना ज्यांनी दाने दिली त्यांच्या लेखांत या गावाचे नाव येते. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी केळणेकाठी उत्खनन केले. त्यात सातवाहनांच्या काळातल्या वस्तू निघाल्या आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही निघाली, तुटलेली. तिची मोठी बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पाँपेई येथे १९३८ साली सापडली होती. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा ती मूर्ती त्याआधी तिकडे गेली हे उघड आहे. व्हिक्टोरिया आपल्याकडे आली त्याच्या अठराशे वर्षे आधी आपल्याकडची बाई तिकडे गेली होती म्हणायचे. नाव मात्र दोघींतल्या एकीचेच ठाऊक.

जुन्या गावांच्या पांढरीत पाऊस पडून गेला की अजूनही काहीबाही वर येते. मातीचे मणी, खापरे, कधी शिशाचे किंवा मिश्र धातूचे लहानसे नाणे, हत्ती नाहीतर चार गोलांची खूण असलेले. आम्ही पोरे त्याला 'राक्षसाचे पैसे' म्हणायचो आणि गोट्यांच्या खेळात लावायचो. ते सातवाहनांचे असतील हे कळायला बी.ए. व्हावे लागले, आणि त्यावर काय लिहिलेले असते हे नीट कळायला निवृत्त!

या सातवाहनांत एक राणी होऊन गेली, नागनिका. पहिल्या सातकर्णीची बायको, महारठी घराण्यातली लेक. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात तिचा मोठा शिलालेख आहे. किती यज्ञ केले, किती हजार गायी दिल्या, किती घोडे, किती कार्षापण, सगळा हिशेब त्यात आहे. कार्षापण म्हणजे त्या वेळचे नाणे. घाटाच्या नावातच नाणे आहे. जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण तिथे आजही पाहायला मिळतो. शाळेच्या सहलीबरोबर मी तिथे एकदा गेलो होतो. लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरले होते. मूर्ती गेल्या, कुठे पावलांच्या खुणा राहिल्या. नावे शिल्लक आहेत. त्यात राणीचेही आहे.

जुन्नर भागात चांदीचे एक नाणे मिळाले आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत सातकर्णीचे नाव आहे आणि नागनिकेचेही. दोघांची नावे एका नाण्यावर! चेहरा नाही, नुसते नाव. पण दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखातल्या एका बाईचे नाव टांकसाळीतून बाहेर पडून लोकांच्या हातात गेले, हे काही कमी नाही.

याच्याही पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी घोकली. मीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. ही आईची नावे आहेत, हेही मुलांना सांगायचो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचो. पण ही नावे नुसती शिलालेखात नाहीत. ती नाण्यावर आहेत. 'रञो वासिठिपुतस सिरि पुळुमाविस', म्हणजे राजा वासिष्ठीपुत्र श्री पुळुमावी याचे हे नाणे. चांदीच्या नाण्यावर राजाचा चेहरा आणि त्याच्या कडेने हा मजकूर. बापाचे नाव नाही. आईचे आहे.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, सगळी मुळात क्षत्रप राजा नहपान याची, त्याच्या चेहऱ्याची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला होता. नहपानाला हरवल्यावर त्याची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच नवा ठसा. त्या ठशात काय आहे? 'गोतमिपुतस'. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्या राजाच्या आईचे नाव! जिची ही हकीकत ती गौतमी बलश्री. तिचा स्वतःचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यात, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. तो नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. मुलाचे पराक्रम सांगता सांगता तो आईची सेवा करणारा होता, हेही तिने त्यात कोरून घेतले आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर भाची म्हणेल मामा वाहवत गेला. गौतमी, वासिष्ठी ही त्या बायकांची हाक मारायची नावे नव्हेत. ती गोत्रावरून आलेली आहेत. बलश्री हे तिचे नाव, गौतमी हे गोत्राचे. अभ्यासकांच्या मते हे गोत्र तिच्या माहेरचे. म्हणजे लग्न होऊन राणी झाली तरी तिचे माहेर पुसले गेले नाही. उलट मुलाच्या नावात आले आणि मुलाच्या नाण्यावरून बाजारात गेले. चौथ्या-पाचव्या शतकात विदर्भात वाकाटकांचा कारभार हाकणारी प्रभावतीगुप्ता आपल्या ताम्रपटात माहेरच्या गुप्तांची वंशावळ सांगते आणि गोत्रही माहेरचेच लावते. नागपूरजवळ नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली आहे. तिचा आजा समुद्रगुप्त हा ज्या कुमारदेवीचा मुलगा, ती कुमारदेवी तर सोन्याच्या नाण्यावर नवऱ्याच्या बरोबरीने उभी आहे, नावासकट, आणि मागल्या बाजूला तिच्या माहेरच्या लिच्छवींचा उल्लेख.

नंतरच्या काळात हे विरळ होत गेले. दिल्लीच्या रझियाने आपल्या नावाची नाणी पाडली. जहांगीराच्या काळात नूरजहानचे नाव नाण्यावर आले. आपल्याकडे अहिल्याबाई. १७६७ ते १७९५, अठ्ठावीस वर्षे त्या माणसाने कारभार केला. (आमच्या आजोबांच्या तोंडी त्यांच्यासाठी 'माणूस' हाच शब्द असे.) अंबडची बारव त्यांचीच म्हणून लोक आजही दाखवतात. पण महेश्वरच्या रुपयावर त्यांचे नाव शोधाल तर सापडणार नाही. शिवलिंग आणि बेलपान आहे आणि मजकूर फारसीत, दिल्लीच्या शाह आलम बादशहाच्या नावाने. तो त्या काळचा रिवाजच होता, पुरुष सरदारांचीही नाणी तशीच निघत. शिवाय बाईंना नावाची हौस नव्हती. राज्य शंकराचे, आपण कारभारी. हे त्यांचे मोठेपण. पण नाणे हातात घेणाऱ्याला ती बाई दिसत नाही, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतर राजा-राणीचे चेहरे गेले आणि १९५० पासून अशोकस्तंभाचे सिंह आले. बाईचे चित्र परत आले ते अन्न आणि शेतीच्या विशेष नाण्यांवर. १९८० चे पंचवीस पैशांचे एक नाणे मला आठवते. विषय ग्रामीण महिलांची उन्नती, आणि चित्र दळण दळणाऱ्या बाईचे. ते पहिल्यांदा हातात आले तेव्हा मी घरी नेऊन आईला दाखवले. तिने डोळ्याजवळ धरून पाहिले आणि म्हणाली, "ही आपल्यातली दिसती." व्हिक्टोरियाला लक्ष्मी म्हणणारी माझी आई या बाईला मात्र लक्ष्मी म्हणाली नाही. पंचवीस पैसे ते, भाजीवाल्याकडे गेले. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांपर्यंतची सगळीच नाणी चलनातून बाद झाली. ती दळणारी बाईही गेली.

१९८५ साली इंदिरा गांधींचे पन्नास पैशांचे नाणे आले. ते मात्र खूप फिरले. नंतर मदर तेरेसा, बेगम अख्तर, राणी गाइदिन्ल्यू, सुब्बुलक्ष्मी अशा काहीजणी आल्या. आणि ३१ मे २०२५ ला, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला, भोपाळमध्ये त्यांचे तीनशे रुपयांचे स्मारक नाणे निघाले. जिने स्वतःचे नाव नाण्यावर घातले नाही तिचा चेहरा सव्वादोनशेहून जास्त वर्षांनी नाण्यावर आला. बरे वाटले. फक्त ही स्मारक नाणी बाजारात येत नाहीत, हौशी माणसे विकत घेऊन कपाटात ठेवतात. अंबडच्या बाजारात पालेभाजी घेताना सुट्ट्यांत अहिल्याबाई हाताला लागतील, असा योग अजून यायचा आहे.

आता जे सांगण्यासाठी एवढे पाल्हाळ लावले ते सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका खेड्यातल्या शाळेत होतो. जून महिना, प्रवेशाची गर्दी. एक बाई मुलाला घेऊन आली. जिनिंगमध्ये मजुरीला जाणारी. नवऱ्याने दुसरे घर केले होते आणि गेली पाच वर्षे तो इकडे फिरकला नव्हता. मी रजिस्टर उघडून वडिलांचे नाव विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, बापाचं लावू नका. माझं लावा." मी म्हणालो, असे नियमात बसत नाही. ती म्हणाली, "पोरगं म्या वाढवलं, अन् नाव त्याचं?" मागे रांग होती. मी जरा चढ्या आवाजात बोललो. मग तिने खाली मान घालून नवऱ्याचे नाव सांगितले आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिले. माझ्या अक्षराचे तेव्हा सगळीकडे कौतुक होते.

त्याच वर्षी मी वर्गात गौतमीपुत्र शिकवला असणार. दर वर्षीच शिकवायचो. फळ्यावर आईचे नाव लिहिताना मला काही वाटले नाही आणि रजिस्टरमध्ये ते नाकारतानाही नाही. नियम मी केला नव्हता, हे खरे. पण तिला बसायला सांगता आले असते. 'बाई, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पैठणच्या राजाने तुम्ही म्हणता तसेच केले होते,' एवढे सांगता आले असते. ते मला सुचले नाही, कारण फळ्यावरचा इतिहास आणि समोरची बाई या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्याच नव्हत्या.

पुढे शाळेच्या कागदांत आईच्या नावाचा रकाना आला. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लावायचे. बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती जिनिंगमधली बाई. आणि मग वासिठिपुतस.

त्या दिवशी बसल्या बसल्या मी वहीत सगळ्यांची नावे या नव्या पद्धतीने लिहायला घेतली. नातवंडांची लिहिली, मुलांची लिहिली, माझे लिहिले. मग आईचे लिहायला घेतले आणि हात थांबला. आईच्या आईचे नाव मला ठाऊक नव्हते. आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. धाकट्या बहिणीला फोन केला, तिलाही माहीत नाही. परतूरच्या मावसबहिणीला विचारले. ती म्हणाली, सासरचे नाव होते ते मला आठवते, पण ते लग्नात बदललेले. माहेरचे कोण जाणे. मामांच्या घरचे जुने कागद पाहिले तर सातबाऱ्यावर आजोबा, पणजोबा, चुलत पणजोबा सगळे ओळीने हजर. ती कुठेच नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या आईचे गोत्रसुद्धा मला पाठ, आणि जिच्या मांडीवर मी खेळलो तिचे नाव मला सांगता येईना.

राणीछाप रुपया माझ्यानंतर कुणाकडे जावा, याची घरात अधूनमधून चर्चा होते. चांदीचा भाव वाढल्यापासून जरा जास्तच! तर सर्वांना कळावे म्हणून इथेच लिहितो : तो धाकट्या बहिणीकडे आणि तिच्यानंतर तिच्या लेकीकडे जाईल. आजवर तो सासूकडून सुनेकडे गेला, आता एकदा माहेरच्या वाटेने जाऊ दे. डबीत मी एक कागद घालून ठेवला आहे. हा रुपया ज्या ज्या बायकांनी सांभाळला त्यांची नावे त्यावर लिहिली आहेत, जेवढी मिळाली तेवढी. आईच्या नावापुढे तिच्या आईच्या नावासाठी जागा मोकळी सोडली आहे.

आमच्या आजोळच्या माणसांपैकी कुणी हे वाचत असेल आणि मोठ्या मायचे माहेरचे नाव कुणाच्या तोंडून ऐकल्याचे आठवत असेल, तर कृपा करून कळवावे. आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. पुढच्या लक्ष्मीपूजनाच्या आत ती जागा भरायची आहे.